स्वतःच्या आवाजांतील कहाणी

अडीचशें शब्दांचा निबंध आम्हां मास्तरांस क्षुल्लक वाटतो. परंतु परमुलुखांत येऊन पडलेल्या स्त्रीस आपल्या आयुष्यांतून तेवढेच शब्द निवडणें फार जड जातें. सन १९९४ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें ज्यो लँबर्ट, डेना ॲचली व नीना मलेन यांनीं काढलेल्या केंद्रांतून ही रीत आकारास आली. प्रथम वर्तुळ करून एकमेकांचें ऐकावयाचें. मग टिपण, स्वतःचा आवाज व घरचीं छायाचित्रें संगणकावर जुळवून दोनतीन मिनिटांची चित्रकथा करावयाची. पुढें अनेक देशांतील स्थलांतरित स्त्रियांनीं ती उचलली. १९९९ मध्यें ॲमी हिल यांनीं ‘सायलेन्स स्पीक्स’ हा उपक्रम अत्याचार सोसलेल्यांसाठीं सुरू केला. येथें ओळख पटली तर जिवावर बेतावयाचें! म्हणून चेहरा झांकावा कीं नाहीं, कथा बाहेर जाऊं द्यावी कीं नाहीं, हें सांगणारीनेंच ठरवावयाचें असे.