मुंगीची वाट आणि पक्ष्याची झेप

कोल्हापूरच्या दक्षिणेस, नगरापासून तीन-चार कोसांवर, कणेरी येथें सिद्धगिरी मठ आहे. तेथील ग्रामजीवनाचीं शिल्पें पाहावयास आज दुरून माणसें येतात. परंतु मनःशांतीविषयींच्या एका जुन्या वादाशींही या मठाचा निकट संबंध आहे, आणि त्याचीच कथा मला आपणांस सांगावयाची आहे. चित्त शांत होतें तें दीर्घ ध्यानानें, कीं आत्मस्वरूपाच्या विचारानें?

या कथेचा आरंभ विजापूरकडील इंचगिरीस होतो. निंबरगीकर महाराजांच्या परंपरेंतील भाऊसाहेब महाराज उमदीकर यांनीं तेथें मठ स्थापिला. त्यांची शिकवण साधी, पण आचरणास कठीण: गुरूनें दिलेलें नाम घ्यावें व नित्य दीर्घकाळ ध्यानास बसावें. यासच पिपीलिकामार्ग म्हणतात. मुंगी बुंध्यापासून फळापर्यंत चढत जाते. उशीर लागतो, पण ती पोंचते. तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे हे भाऊसाहेबांचेच शिष्य. अलाहाबादच्या विद्यापीठांत त्यांनीं मोठा लौकिक मिळविला. परंतु १९५७ सालीं निंबाळ येथें देह ठेवीपर्यंत नामस्मरण हेंच त्यांच्या जीवनाचें सार राहिलें.

भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. त्यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यांतील पाथरीस १८८८ सालीं झाला. तरुणपणीं ते विजापुरास एका मारवाडी पेढीवर हिशेब लिहीत. गुरु १९१४ सालीं निवर्तले. पुढें १९२० च्या सुमारास विजापुरास कठोर साधना करीत असतां त्यांस वाटूं लागलें कीं, ध्यान ही केवळ पहिली पायरी आहे. श्रवण-मननानें ‘मी देह’ हा भ्रम निरसला, तर साधक पक्ष्याप्रमाणें थेट फळावर उतरतो. हा विहंगममार्ग गुरुबंधूंस रुचला नाहीं. गुरूनें आंखून दिलेल्या वाटेच्या पुढें जाणें ही निष्ठा कीं प्रतारणा, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला.

अशा वेळीं, १९३५ सालीं, कणेरीच्या गादीचे तरुण स्वामी मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराज सिद्धरामेश्वरांस भेटले. पाटगांव येथें १९०५ सालीं जन्मलेल्या या स्वामींस प्राचीन लिंगायत पीठाचा मान होता. लोक त्यांच्या पायां पडत. त्यांनीं मात्र एकेकाळच्या हिशेबनिसाचें शिष्यत्व पत्करिलें. त्याच गुरूंपाशीं मुंबईचे एक विडी-दुकानदारही शिकले; तेच पुढें निसर्गदत्त महाराज म्हणून विख्यात झाले. गादी आणि दुकान यांतील अंतर तेथें उरलें नाहीं.

सहवास अल्प ठरला. सिद्धरामेश्वरांनीं ९ नोव्हेंबर १९३६ रोजीं मुंबईस देह ठेवला; काडसिद्धेश्वर महाराज मात्र २००१ पर्यंत तोच उपदेश करीत राहिले.

या वादांत कोण जिंकलें? मला वाटतें, प्रश्नच चुकीचा आहे. पक्ष्याची झेप सांगणारे सिद्धरामेश्वर स्वतः वर्षानुवर्षें मुंगीच्याच वाटेनें चालले होते, आणि ज्ञानानंतरही भक्ति वाढलीच पाहिजे, असें ते सांगत. जें ज्ञान माणसास प्रेमळ करीत नाहीं, तें शांतीही देत नाहीं. एका पीठाधिपतीनें मान लवविली, त्या क्षणीं हें जितकें स्पष्ट झालें, तितकें तें ग्रंथांतून क्वचितच होतें.