डेटाबेससाठी नॅस की ब्लॉक स्टोरेज? फरक समजून घ्या

लालबागच्या मसाला गल्लीतलं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. दोन काउंटर, दोन कॉम्प्युटर, एक बिलिंग डेटाबेस आणि मालकाच्या फोनवर दिवसाचा गल्ला दाखवणारं ॲप. मे महिन्याच्या गर्दीत बिल सेव्ह होतं न होतं तोच वीज जाते. वीज परत आल्यावर ते बिल सापडेल का? हे ॲपइतकंच स्टोरेजवरही अवलंबून असतं.

ब्लॉक स्टोरेज म्हणजे काय?

यात सर्व्हरला एक रिकामी डिस्क दिसते, म्हणजे नंबर दिलेले छोटे छोटे कप्पे. कोणत्या कप्प्यात कोणती फाइल, याची नोंदवही, म्हणजेच फाइल सिस्टीम, सर्व्हर स्वतः ठेवतो. रिकामा गाळा भाड्याने घेतल्यासारखं: मांडणी तुमची, किल्ली तुमची. सर्व्हरमधली एसएसडी, मोठ्या कंपन्यांतलं सॅन आणि ॲमेझॉन क्लाउडची ईबीएस ही याची उदाहरणं.

नॅस म्हणजे काय?

नॅस हे सामायिक गोदाम. इथे नोंदवही मुकादमाकडे, म्हणजे नॅसच्या डब्याकडे असते. बाकीचे कॉम्प्युटर एनएफएस किंवा एसएमबी या पद्धतीने त्याच्याकडे फाइल मागतात. एकच फोल्डर अनेकांना वापरता येतो, ही त्याची मोठी सोय.

अनेकांना वाटतं की नॅस नेटवर्कवर असतं आणि ब्लॉक नसतं. तसं नाही. सॅन आणि ईबीएससुद्धा नेटवर्कवरूनच चालतात. खरा फरक आहे तो नोंदवही कोणाकडे, याचा.

डेटाबेसला याने काय फरक पडतो?

डेटाबेस पूर्ण फाइल उचलत नाही, छोटी पानं वाचतो-लिहितो. पोस्टग्रेएसक्यूएलचं पान साधारणपणे ८ केबीचं, मायएसक्यूएलचं १६ केबीचं. प्रत्येक व्यवहारानंतर तो विचारतो, "डिस्कवर पक्कं लिहिलं ना?" नॅसचं शेअर 'असिंक' सेटिंगवर असेल, तर डेटा अजून रॅममध्ये असतानाच 'हो' असं उत्तर येऊ शकतं. तेवढ्यात वीज गेली, की बिल गेलं.

दुसरा प्रश्न लॉकिंगचा. फोनमधली असंख्य ॲप्स वापरतात तो एसक्यूलाइट नेटवर्क फोल्डरवर ठेवू नये, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच आहे.

म्हणजे नॅसवर डेटाबेस चालतच नाही असं नाही. ओरॅकलने त्यासाठी स्वतःचा डायरेक्ट एनएफएस दिला आहे. पोस्टग्रेएसक्यूएलही चालतो, पण माउंट 'हार्ड' आणि सर्व्हरवरचं शेअर 'सिंक' हवं.

ब्लॉकमध्येही एक खड्डा आहे. साध्या फाइल सिस्टीमची एकच डिस्क दोन सर्व्हरना जोडली, तर दोघंही आपापली नोंदवही लिहितात आणि डेटा खराब होतो. दोन्ही काउंटर डेटाबेस सर्व्हरला जोडा, थेट डिस्कला नाही.

मग काय निवडायचं?

- चालू डेटाबेस: ब्लॉक. छोट्या दुकानाला सर्व्हरमधल्या दोन एसएसडी (मिरर करून) आणि यूपीएस पुरे.
- बिलांच्या पीडीएफ, फोटो, सगळ्यांच्या फाइल्स: नॅस.
- बॅकअप: नॅस चालेल, पण चालू डेटाबेसच्या फाइल्स नुसत्या कॉपी करू नका. डेटाबेसचंच बॅकअप टूल वापरा.
- क्लाउड: ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ पासून आहे. ईबीएसची डिस्क त्यातल्या एकाच झोनमध्ये राहते, म्हणून स्नॅपशॉट घेत राहा.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेलं बिल दोन्ही डिस्कवरून जातं. आणि हिंदमाताला पाणी भरलं, की तळमजल्यावरचा सर्व्हर आणि शेजारचा नॅस एकाच पाण्यात. एक कॉपी दुसऱ्या जागी हवीच. महिन्यातून एकदा ती रिस्टोर करून बघा. जो बॅकअप कधी उघडूनच पाहिला नाही, त्याच्या भरवशावर दुकान चालवू नका.