‘कायम’ या शब्दाची गोष्ट



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिलाय तो असा – ‘बदलत्या काळातील सरकारी मनुष्यबळापुढील प्रश्न’. विषय एवढा लांबलचक आहे की निम्मी मंडळी तो वाचूनच घरी गेली असतील. (हशा) मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्या विषयात एक सवय लागते. मोठा प्रश्न आला की त्यातला एक शब्द बाजूला काढायचा आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तू आलास कुठून? आज तो शब्द आहे ‘कायम’.

सुरुवात एका तरुणापासून करतो. आमच्या इथे, सुकापूरला, त्याची बहीण राहते, म्हणून तो अधूनमधून येतो. दुसरीकडे कुठे तरी घंटागाडीवर काम करतो. ठिकाण सांगत नाही, कारण त्याची नोकरी जायला नको. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, “सर, गाडीवर सात वर्षं झाली. गाडीवर नाव सरकारी, अंगातल्या जॅकेटवर नाव सरकारी, पण पगार ठेकेदार देतो. ठेकेदार तीनदा बदलला. मग मी नेमका कुणाचा माणूस?”

मंडळी, मी डॉक्टरेट केलेला माणूस. मला पटकन उत्तर देता आलं नाही. ‘मी कुणाचा माणूस?’ हा प्रश्न मला वाटतं आपल्या राज्यातल्या सरकारी नोकरीच्या सगळ्या इतिहासाचा प्रश्न आहे. ‘कायम’ हे त्याचं एक उत्तर होतं. ते कसं मिळालं आणि कसं निसटत चाललंय, तेवढंच आज पाहू.

आपल्या गावगाड्यात सरकारी काम करणारे होतेच. पाटील, कुलकर्णी, महार. पण ती नोकरी नव्हती, ते वतन होतं. वतन म्हणजे पिढीजात. बाप कुलकर्णी म्हणून मुलगा कुलकर्णी. म्हणजे वतनदार आजच्या कुठल्याही कर्मचाऱ्यापेक्षा जास्त ‘कायम’ होता! पण या कायमपणाचा अर्थ सगळ्यांना सारखा नव्हता. वरच्या वतनदाराला तो अधिकार होता. महार वतनदाराला ती बेडी होती.

महार वतनात कामं काय होती? गावाची राखण, सरकारी निरोप पोचवणं, वसुलीच्या वेळी राबणं, येणाऱ्या अधिकाऱ्याची सरबराई. वेळेचं बंधन नाही, कामाची यादी नाही. एक माणूस आजारी पडला तर घरातला दुसरा हजर पाहिजे. आणि मोबदला? थोडीशी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारं बलुतं. म्हणजे काम सरकारचं, पण पोट गावाच्या मर्जीवर. गाव नाराज झालं की बलुतं बंद.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं यावर बोट ठेवलं. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. त्यांच्या मांडणीचं सार माझ्या शब्दांत सांगतो. ज्याचं काम, त्यानेच पैसे दिले पाहिजेत. कामाचं स्वरूप ठरलेलं पाहिजे. आणि ज्याला हे वतन नको, त्याला ते सोडता आलं पाहिजे. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही, पुढच्या वर्षी त्यांना ते मागे घ्यावं लागलं. स्वातंत्र्यानंतर वतनं एकेक करून गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनांचा कायदा १९५० चा, कनिष्ठ ग्रामवतनांचा १९५८ चा, आणि मुलकी पाटीलकी गेली ती १९६२ च्या कायद्याने. कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली होती.

इथे मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाची आठवण काढतो. तो म्हणतो, आधुनिक नोकरशाहीत पद हे कुणाच्या मालकीचं नसतं. माणूस पात्रतेवर निवडला जातो, पगार रोख मिळतो आणि वरिष्ठाच्या लहरीवर त्याला काढता येत नाही. वतन आणि नोकरी यातला फरक हाच. वतनात पद घराण्याचं असतं. नोकरीत पद जनतेचं असतं, आणि त्यावर बसलेल्या माणसाला संरक्षण असतं, ते त्याच्या लाडासाठी नव्हे. त्याने कागद बघून काम करावं, तोंड बघून करू नये, म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता माझ्या पिढीकडे येतो. आमच्या वेळी लग्न जुळवताना दोनच प्रश्न असायचे. मुलगा काय करतो आणि कायम आहे का? (हशा) माझे थोरले बंधू महसूल खात्यात कारकून होते, कायम होते. १४ डिसेंबर १९७७ ला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. नेते र. ग. कर्णिक, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. मुख्य मागणी एकच, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना मिळतो त्या दराने महागाई भत्ता. हा संप ५४ दिवस चालला.

त्या ५४ दिवसांत आमच्या घरात दादांचा पगार नव्हता. मी नुकताच प्राध्यापक झालो होतो, तोही लीव्ह व्हेकन्सीवर, म्हणजे दुसऱ्याच्या रजेच्या जागेवर. आई दोन घरची चूल माझ्या पगारावर चालवत होती. पण मला जास्त आठवतो तो आमचा दूधवाला. तो म्हणायचा, “साहेब लोकांना भत्ता पाहिजे, आम्हाला कोण देतो महागाई?” दादांकडे त्याला उत्तर नव्हतं. संप मागे घेतला गेला. पुढे त्याच वर्षी सरकार बदललं आणि केंद्राच्या दराचं तत्त्व मान्य झालं. कर्मचारी जिंकले, असं आपण म्हणतो. पण दूधवाल्याच्या मनातलं ते वाक्य तसंच राहिलं. कायम नोकरी ही आपल्या सोयीची गोष्ट आहे, हे लोकांना कुणी समजावून सांगितलंच नाही. ती ‘त्यांची चैन’ ठरली. पुढे जे झालं त्याचं बी तिथे पडलं, असं माझं मत आहे.

मधल्या काळात एक मोठा निकाल आला. १७ डिसेंबर १९८२, नकारा खटला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तिवेतन ही सरकारने केलेली मेहरबानी नाही, केलेल्या कामाचा तो हक्क आहे. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन. सभागृहात बरेच पेन्शनर दिसताहेत, त्यांना हा दिवस पाठ असेल.

मग वारं फिरलं. २००० साली आपल्याकडे शिक्षण सेवक योजना आली. शिक्षकाने आधी तीन वर्षं मानधनावर काम करायचं, प्राथमिकला मानधन महिना ३००० रुपये. शब्द बघा, ‘सेवक’ आणि ‘मानधन’. पगार म्हटलं की हक्क येतो. मानधन म्हटलं की मान असतो आणि धन नसतं. (हशा) १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन ठरलेलं होतं. नव्या पद्धतीत कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के कापून, सरकारचा हिस्सा घालून ती रक्कम बाजारात गुंतवायची. हातात किती येणार, ते बाजार सांगणार. मार्च २०२३ मध्ये १४ तारखेपासून आठवडाभर संप झाला तो यासाठीच.

त्याच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बाह्य यंत्रणेकडून, म्हणजे खासगी एजन्सींमार्फत माणसं घेण्याचा शासन निर्णय निघाला. त्यावर इतका गदारोळ झाला की ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, पण पद्धत रद्द झाली का? आपापल्या ओळखीच्या दवाखान्यात, शाळेत, कार्यालयात डोकावून बघा.

आता त्या घंटागाडीवाल्या मुलाकडे परत येतो. त्याच्यासारखे २७०० सफाई कामगार मुंबई महापालिकेचा कचरा उचलत होते. पालिकेचं म्हणणं, हे आमचे कामगारच नाहीत. कागदोपत्री त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटलेलं होतं. पहाटे उठून दुसऱ्याचा कचरा उचलणारा स्वयंसेवक! कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निवाडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ते कायम झाले.

काम सार्वजनिक आणि पोट तिसऱ्याच्या मर्जीवर. ही रचना आपण १९२८ च्या विधेयकात पाहिली होती. मी दोन्ही गोष्टी सारख्या म्हणत नाही. वतनामागे जातीची सक्ती होती, ती क्रूरता वेगळीच. पण ‘ज्याचं काम त्यानेच पैसे द्यावेत’ हे तत्त्व आपण एकदा मिळवलं होतं आणि आता हातातून सोडतोय, एवढं नक्की.

एसटीचा संपही याच चष्म्यातून बघा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला तो संप पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ताणला गेला. पनवेलचा स्टँड ओस पडलेला आपण सगळ्यांनी पाहिला. नोव्हेंबरमध्ये सरकारने पगारवाढ जाहीर केली, तरी हजारो कर्मचारी परतले नाहीत. का? कारण त्यांची मागणी होती विलीनीकरण. त्यांना पैसे हवेच होते, पण त्याआधी हवं होतं एक वाक्य. सरकारने म्हणावं, ‘ही आमची माणसं आहेत’. ते वाक्य मिळालं नाही. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंतची मुदत दिली, आणि लोक कामावर गेले.

आता दुसरी बाजू न मांडता मी गेलो तर तुम्ही मला सोडणार नाही. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण काही हवेतून आलेली नाही. कायम झालेला माणूस खुर्चीवर कोट टांगून चहाला जातो, हे आपण पाहिलंय. आणि मागच्या दाराने आलेल्या प्रत्येकाला कायम केलं, तर पुढच्या दारात रांगेत उभ्या असलेल्या मुलांचं काय? २००६ च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा मांडला. मला तो मान्य आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे पुढचं दार उघडणं, म्हणजेच वेळेवर भरती. दार बंद ठेवून मागून ठेकेदार घेणं हा उपाय नव्हे. आळसालाही उपाय आहे. आपल्या राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात लिहिलंय की एका कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहता कामा नये. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा दिरंगाईला दंड करतो. हत्यारं आहेत. ती आपण वापरत नाही, आणि राग काढतो तो कायमपणावर.

शेवटी एक माझी गोष्ट सांगतो, जी मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही. विभागप्रमुख असताना आमच्याकडे एक सहकारी तासिका तत्त्वावर शिकवायचे. अकरा वर्षं. दरवर्षी मार्चमध्ये त्यांचं काम संपायचं, जूनमध्ये परत मुलाखत. त्यांच्या तासांच्या पत्रकावर सही मी करायचो. एका वर्षी उत्तरपत्रिका तपासताना एका बड्या माणसाच्या मुलाला त्यांनी नापास केलं. मला वरून निरोप आला, गुण ‘पुन्हा बघा’. मी कायम होतो, मी नाही म्हणू शकत होतो. मी गप्प बसलो आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुण वाढवले. जून जवळ आला होता ना. त्या दिवशी मला कळलं की कायमपण कशासाठी असतं. ते मला दिलेलं होतं ‘नाही’ म्हणण्यासाठी. मी ते फक्त पगारासाठी वापरलं. आणि ज्याला ते दिलं नव्हतं, त्याच्याकडून मी धैर्याची अपेक्षा करत होतो.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. बाबा, तू ठेकेदाराचा नाहीस, साहेबाचाही नाहीस. तू आमचा माणूस आहेस, ज्यांचा कचरा तू उचलतोस त्यांचा. पण हे नुसतं म्हणून चालणार नाही. आपल्या गावचा कारभार पाली देवद ग्रामपंचायत बघते. ग्रामसभेला आपण जातो का? पुढच्या ग्रामसभेला जाऊ या आणि तीन साधे प्रश्न विचारू या. मंजूर पदं किती, रिकामी किती, आणि ठेक्यावर किती. रागाने नको, माहितीसाठी. १९७७ मध्ये आमच्या दूधवाल्याने प्रश्न विचारला होता, तो कर्मचाऱ्यांच्या विरोधात. आता नागरिकांनी कर्मचाऱ्यांच्या बाजूने एकदा विचारून बघू.

तो मुलगा आज इथे आलेला नाही. त्याची पहाटेची पाळी असते, लवकर झोपतो. त्याची बहीण मागच्या रांगेत बसली आहे. ताई, त्याला सांगा, सरांना उत्तर द्यायला जरा उशीर झाला.