गुरांचा ‘फुप्फुसाचा आजार’

१४. म्हणजे गुरांचा सांसर्गिक फुप्फुसदाह. १८५३ साली हॉलंडहून आणलेल्या बैलांबरोबर तो दक्षिण आफ्रिकेत मोसेल बे बंदरी उतरला आणि दोन-तीन वर्षांतच तिथल्या खोसा लोकांच्या कळपांत शिरला. १८५६-५७ मध्ये नोंगकाउसे या खोसा मुलीच्या भविष्यवाणीवरून खोसांनी आपलीच गुरे मारली. लेखक त्याचे सारे खापर अंधश्रद्धेवर फोडतात. डोळ्यांदेखत गुरे धापा टाकत मरत होती, हे ते विसरतात. तेव्हा युरोपातल्या पशुवैद्यांनाही रोगाचे कारण ठाऊक नव्हते. जंतू हाती लागला तो १८९८ साली, पॅरिसला नोकार व रू यांच्या प्रयोगशाळेत. हा मायकोप्लाझ्मा, त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन निरुपयोगी. बरे दिसणारे जनावरही फुप्फुसात जंतू दडवून महिनोन्‌महिने हिंडते, म्हणून बाधित जनावरांची कत्तल, गुरांच्या ने-आणीवर बंदी आणि लस हेच खरे उपाय. बेल्जियमचे डॉ. विलेम्स १८५२ पासूनच रोगट फुप्फुसातला द्रव शेपटीच्या टोकाला टोचत. गुरे वाचत, कधीकधी शेपटी मात्र झडे. ऑस्ट्रेलिया १९७३ मध्ये रोगमुक्त झाला. भारताला तशी आंतरराष्ट्रीय मान्यता २००७ साली मिळाली. — संपा.