स्टार्टसाहेबाच्या दोन खुर्च्या

समाजकल्याणच्या ऑफिसात शिष्यवृत्तीसाठी चकरा मारणाऱ्या आपल्या पोरांपैकी किती जणांना माहीत आहे, की या खात्याची मुळं मुंबई इलाख्याच्या मागासवर्ग खात्यात आहेत आणि त्या खात्याचा पहिला अधिकारी आधी 'गुन्हेगार जमातीं'च्या वसाहतींचा अधिकारी होता?

त्याचं नाव ओ. एच. बी. स्टार्ट. हा आयसीएस अधिकारी. आपण त्याला ओळखतो ते १९२८ च्या स्टार्ट समितीमुळे. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या या समितीत बाबासाहेब होते, डॉ. सोळंकीही होते. मार्च १९३० मध्ये अहवाल आला. पाणवठ्यावर गेला, जमीन घेतली, चांगले कपडे घातले, नवरदेव घोड्यावर बसवला, एवढ्यावरून गाव कसं कूळ काढतं, मजुरी तोडतं, वाण्याकडचा माल बंद करतं, हे त्यात सरकारी कागदावर आलं. बाबासाहेबांनी तो उतारा थेट गोलमेज परिषदेपुढे मांडला आणि बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवा अशी मागणी केली. महाराष्ट्रात असा कायदा यायला २०१६ उजाडलं. एका अहवालाचा असाही उपयोग करता येतो.

पण स्टार्टची दुसरी खुर्ची आपण विसरतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि पुढे १९११ व १९२४ च्या सुधारणांनी, पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. त्यांच्यासाठी सोलापूर, हुबळी, विजापूर अशा ठिकाणी वसाहती उभारल्या. सोलापुरात माणसं गिरणीत कामाला जायची आणि संध्याकाळी काटेरी तारेच्या आत परतायची. हजेरी, परवाना, आणि मुलांना आईबापांपासून तोडून औद्योगिक शाळेत ठेवण्याची कायदेशीर सोय. या सगळ्याला सरकारदरबारी 'सुधारणा' म्हणत. स्टार्ट दुष्ट होता असं मला म्हणायचं नाही. त्या काळच्या अधिकाऱ्यांत तो कनवाळूच असावा. मात्र शाळा देणारा हात आणि हजेरी घेणारा हात एकाच माणसाचा होता. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'कल्याणकारी राज्य' आणि 'नियंत्रण' हे दोन वेगळे धडे शिकवले. सोलापूरच्या तारेच्या आत ते एकाच पानावर होते.

बाबासाहेब समितीत बसले, तरी तिथेच थांबले नाहीत, हे इथे कळतं. त्यांना दयाळू अधिकारी पुरेसा नव्हता. मतदानाचा हक्क, प्रतिनिधित्व, कायद्याचं संरक्षण हवं होतं. वसाहतीतल्या वडार, कैकाडी, पारधी माणसाला त्या काळात यातलं काय मिळालं? जवळपास काहीच नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला केंद्राने तो कायदा रद्द केला, म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो. पण १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीचं नाव खोडलं, पोलिसाची नजर राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतला हाच जुना वास काढून टाकायला सांगावं लागलं.

आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे स्टार्टच्या हद्दीबाहेर. म्हणून आम्ही सुटलो, असं कुणी समजू नये. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, धरपकड झाली, आणि कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. तो वडार समाजाचा होता. त्याचं नाव तुम्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. निळा झेंडा घेऊन आपण त्याच्यासाठी रस्त्यावर उतरलो, ते बरोबरच. पण पिंगळीसारख्या आपल्या गावांच्या कडेला पालं पडतात, तेव्हा त्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी, मतदार यादीतल्या नावासाठी आपले किती कार्यकर्ते तहसीलला जातात? दाखल्याला जुना पुरावा मागतात. जे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिले, त्यांच्याकडे तो कुठून येणार? कित्येकांच्या आजोबांचा सरकारदरबारी लिहिलेला एकमेव पुरावा म्हणजे वसाहतीच्या हजेरीपटातलं नाव.