ठगांवरील ग्रंथ कसे वाचावेत

हिमायतनगर, म्हणजे पूर्वींचा वाढोणा, पैनगंगेच्या दक्षिणेस आहे. अमरावतीकडून हैदराबादेस जाणाऱ्यास हाच मुलूख ओलांडावा लागे. आणि १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मेडोज टेलरच्या कादंबरींतील ठगांची टोळीही अमरावतीहून हैदराबादेकडेच निघते. टेलर निजामाच्या चाकरींत होता. पुढें १८५३ मध्यें नळदुर्गचा कारभार त्याजकडे आला. मुलूख त्याच्या पाहण्यांतला. परंतु त्याच्या अमीर अलीचा ७१९ खुनांचा आकडा इतिहास म्हणून घेऊं नये. कादंबरी ती कादंबरीच.

जिज्ञासु श्रोत्यानें आरंभ करावा तो विल्यम स्लीमनच्या ‘रामासीआना’पासून. हा ग्रंथ १८३६ सालीं कलकत्त्यास छापला गेला. ठगांच्या गुप्त बोलीचा हा कोश. गळा आवळण्याचा इशारा ती ‘झिरनी’. कोशाहूनही त्यांतील प्रश्नोत्तरें मोलाचीं आहेत. कुराणांत भवानीचें नांव आहे काय, असें स्लीमन मुसलमान ठगांस विचारतो. नाहीं, असें उत्तर मिळतें; पण भवानी आणि फातिमा एकच, अशी समजूतही लगेच पुढें येते! ठग म्हणजे धर्मवेड्या खुन्यांचा पंथ, ही कल्पना बव्हंशीं अशाच जबान्यांवर उभी आहे. आणि जबान्या देणारे होते माफीचे साक्षीदार. विचारणाऱ्यास रुचेल तें सांगितलें तर फांस टळण्याची आशा. त्यांत १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें हाच गुन्हा ठरविला व त्यास जन्मठेप लाविली. अमका खून अमक्यानेंच केला हें सिद्ध करणें उरलें नाहीं. ही कायद्याची बाजू राधिका सिंघा यांच्या १९९८ च्या ग्रंथांत पाहावी. किम वॅग्नर यांचें २००७ चें पुस्तक ठगीकडे देवीची उपासना म्हणून नव्हे, तर पोटासाठीं केलेली लूट म्हणून पाहतें. विहिरींत सांपडलेलीं प्रेतें मात्र कोणी कल्पिलेलीं नव्हतीं, हेंही विसरूं नये.

गुन्हा रक्तांतून उतरतो, हा समज ठगांबरोबर संपला नाहीं. १८७१ च्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. ते कायदे उठले १९५२ सालीं. म्हणून या ग्रंथांच्या शेजारीं लातूर तालुक्यांतील धनेगांवच्या लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें १९८७ सालचें आत्मकथन अवश्य ठेवावें. तेथें साहेब विचारीत नाहीं. अशाच एका घरांतून शाळेंत गेलेला पहिला मुलगा, त्या घरावर पडणाऱ्या पोलिसांच्या धाडी स्वतःच सांगतो.