आडनाव काय म्हणायचं तुमचं?

गेल्या शनिवारी पुतण्यासाठी खोली बघायला कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कॉट बेसिस, डिपॉझिट, मेसचा दर वगैरे नेहमीचे सोपस्कार. एका दारावर 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी होती. काकूंनी चहा विचारला, मग आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, कालच दिली की खोली!" पाटी आम्ही बाहेर पडलो तरी तिथंच होती.

तिथून चालत दसरा चौकात आलो. शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती नजर फिरवा. जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं जवळजवळच आहेत. लहानपणी वाटायचं, काय हे, मुलांच्या राहण्याचीसुद्धा जातवार वाटणी! पण त्या दिवशी काकूंच्या दारातून आल्यामुळे असेल, सगळं जरा वेगळं दिसलं.

राजाराम कॉलेज 1880 साली सुरू झालं. म्हणजे शिकायची सोय झाली, पण राहायचं कुठे? गरीब ब्राह्मण मुलाला निदान वार लावून जेवता यायचं, माधुकरी मागता यायची, नात्यातलं एखादं घर असायचं. भुदरगड-पन्हाळ्याच्या खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या पोराला गावात कोण ठेवून घेणार? आणि अस्पृश्य मुलाचं तर नावच नको. फी माफ केली तरी डोक्यावर छप्पर नसेल तर पोरगं आठवड्यात गावाकडे परत. शिक्षण अडत होतं ते घरमालकाच्या उंबऱ्याशी.

महाराजांनी आधी सरळ उपाय करून बघितला. 1896 साली सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढलं. दार सगळ्यांना उघडं, पण थोड्याच काळात आत राहिली ती बहुतेक ब्राह्मण मुलंच. (आमच्या भाषेत सांगायचं तर, डिझाइन बरोबर, पण प्रॉडक्शनमध्ये चाललं नाही.) मग 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्याच साली जैन बोर्डिंग निघालं. 1906 मध्ये मुस्लिम समाजासाठी सोय झाली. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, त्याला नाव दिलं मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं. पुढे शिंपी, सोनार, सारस्वत, ख्रिश्चन अशी यादी वाढतच गेली. महाराज जागा देत, पैसे देत आणि कारभार त्या त्या समाजाच्या गळ्यात घालत. मुलगा आपला म्हटल्यावर समाजही खिशात हात घालायचा. हुशारी आहे ती हीच.

आता तक्रारही खरी आहे. जातवार घरं बांधली की जात पक्की होते. याचा दाखला त्याच बोर्डिंगांमध्ये सापडतो. भाऊराव पाटील, म्हणजे पुढचे कर्मवीर, जैन बोर्डिंगात राहायचे. असं सांगतात की मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते जाऊन आले, आल्यावर आंघोळ करायला नकार दिला आणि म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. याच भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका छपराखाली ठेवलं. एका पंगतीत जेवण, कामंही मिळून. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं नाव ठेवलं: छत्रपती शाहू बोर्डिंग! जातवार बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या माणसाने जातीविना काढलेल्या घराला जातवार बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव. मला यात विसंगती वाटत नाही. 1896 ला जे फसलं, ते 28 वर्षांनी जमलं. मधल्या काळात बोर्डिंगांमधून शिकून बाहेर पडलेली एक पिढी तयार झाली होती, याचा काहीच वाटा नसेल असं मला तरी म्हणवत नाही.

असो. रविवारी रात्री पुणं गाठलं, तोवर पुतण्याचा फोन. "काका, मिळाली खोली. आडनाव नाही विचारलं."

"मग काय विचारलं?"

"अंडी खातोस का म्हणाले."